अर्जुनाचा विषाद आणि घरातला तरुण



गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने 'अर्जुनविषादयोग' असे नाव दिले आहे. पारायणात हा अध्याय आपण झपाट्याने उरकतो. खरा उपदेश पुढे आहे, असा आपला समज. पण विषादालाही योग म्हटले, ते उगाच नव्हे. अर्जुनाची अवस्था पाहा. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून निसटले. अर्जुनाला धनुर्विद्या येत नव्हती, असे कोणी म्हणेल काय? विद्या जागच्या जागी होती. खचले ते मन.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही गावोगाव हिंडतो, तिथे घरोघरी हीच लक्षणे दिसतात. पदवीचा कागद पेटीत ठेवून बसलेला पंचवीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. रात्री जागा, दिवसा अंथरुणात. ताटावर बसतो आणि दोन घासांत उठतो. लग्नकार्याला येत नाही, कारण मांडवात शिरताच कोणीतरी काका-मामा विचारणार, "काय रे, सध्या काय चाललंय तुझं?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसते हो! पण चौथ्या वर्षी तोच प्रश्न ऐकणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते. मुलींचे दुःख तर हिशेबातही धरत नाहीत. शिकून ती घरी बसली, तर तिला बेकार कोणी म्हणत नाही. "आता स्थळ बघा" म्हणतात, आणि तिच्या विद्येचा विषय तिथेच मिटतो.

पारावरची मंडळी म्हणतात, पोरे आळशी झाली. आम्हास हे मान्य नाही. २०२४ साली महाराष्ट्रात पोलिसांच्या १७,४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. एका जागेला शंभर! पहाटे चार वाजता उठून डांबरी सडकेवर धावणारी ही मुले आळशी कशी? शंभरांतले नव्व्याण्णव घरी परतणार, हे गणितच आहे; त्यात त्या नव्व्याण्णवांचे पाप कोणते? त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने एक अहवाल निघाला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. आपल्या देशात लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी शेकडा ३.४, आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१. बापाने जमीन गहाण टाकून ज्याला शिकवले, तोच जास्त अडकला.

१९७२ चा दुष्काळ आमच्या लहानपणचा. काम कोणालाच नव्हते. पण सारा गाव रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर एकत्र जाई, खडी फोडी, सुकडी खाई. पाटलाची सून आणि सालगड्याची बायको एकाच ओळीत बसत. पोट अर्धे असे, पण मान खाली नसे. आजच्या मुलाची बेकारी त्याच्या एकट्याची आहे. शेजारच्याला नोकरी लागली की पेढे त्याच्याही घरी येतात. तो पेढा गिळणे सुकडीपेक्षा कठीण.

आता पुन्हा कुरुक्षेत्रावर या. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी अर्जुनाला दोन श्लोकांत कडक शब्द ऐकवले. हे नामर्दपण तुला शोभत नाही, अशा अर्थाचे. पुढे काय झाले? अर्जुन उठला का? नाही. त्याने आपले दुःख आणखी सांगितले, लढणार नाही म्हणाला आणि मुकाट बसून राहिला. मंडळी, हे नीट ध्यानात घ्या. साक्षात परमात्म्याच्या मुखातून आलेल्या टोमण्यानेही खचलेले मन उभे राहिले नाही! मग तुमच्या-आमच्या टोमण्याने काय होणार? मग भगवंत किंचित हसले आणि त्यांनी समजूत घालायला आरंभ केला. ती समजूत अठराव्या अध्यायापर्यंत चालली. मध्ये अर्जुनाने किती शंका काढल्या, तेच तेच पुन्हा विचारले. देव कंटाळले नाहीत. शिवाय अर्जुनापुढे काम उभे होते आणि तो ते टाकू पाहत होता. आपला मुलगा तर काम मागतो आहे.

कोणी म्हणतात, प्रारब्ध आहे, भोगलेच पाहिजे. प्रारब्धाचा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करावा; दुसऱ्याच्या दुःखावर तो शिक्का मारण्यासाठी शास्त्राने सांगितलेला नाही. आणि माळ घाल म्हणजे नोकरी लागेल, असेही आम्ही कोणाला सांगत नाही. नाम हे देवाशी केलेला सौदा नव्हे.

तुकोबारायांकडे पाहा. इ.स. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ पडला, तेव्हा प्रचलित गणनेप्रमाणे त्यांचे वय जेमतेम बाविशीचे. दुकान बसले, पत गेली, थोरली बायको अन्नावाचून गेली. आपल्याला लाज वाटली, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. एवढा मोठा संत, पण लाज लपवली नाही. त्या दिवसांत त्यांनी देहूचे मोडके देऊळ हाताने दुरुस्त केले. त्याचे दाम कोणी दिले नाहीत. पण हाताला काम मिळाले.

म्हणून दिंडीचालकांना आमची विनंती आहे. अशा मुलाला नुसता चालायला नेऊ नका. हिशेबाची वही त्याच्याकडे द्या, पाण्याचा टँकर, मुक्कामाची जागा, म्हाताऱ्यांची औषधे त्याच्या अंगावर टाका. दिंडीत त्याला सगळे 'माउली' म्हणतात, धंदा कोणी विचारीत नाही. मात्र परतल्यावर त्याच्या पोटाचाही विचार करा. वीणेकऱ्याचा जावई कारखान्यात असेल, टाळकऱ्याची ओळख बाजार समितीत असेल.

आणि मूल जगण्याला कंटाळल्याची भाषा बोलू लागले, तर अंगारा-ताईत करीत बसू नका, डॉक्टरकडे न्या. सरकारचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून त्यासाठीच आहे. ताप आला तर डॉक्टरकडे जाताना आपली भक्ती कमी होत नाही. इथेही होत नाही.

आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. सदाशिव-नारायण पेठांतल्या खोल्यांत आणि अभ्यासिकांत गावाकडची हजारो मुले परीक्षांची तयारी करीत बसलेली आहेत. ज्यांच्या नात्यागोत्यातली मुले तिथे असतील, त्यांनी मुक्कामात सवड काढून भेटून यावे. भाकरी, पिठले, ठेचा बांधून न्यावा. निकालाचे काही विचारू नये. खोलीत चौघे-पाच जण राहतात, बसायला जागा नसते; तेव्हा दोघांनीच जावे, आणि भाकरी मात्र पाचांना पुरतील इतक्या न्याव्यात.