इतिहास किती सांगावा?

एखादी कादंबरी वर्गांत शिकवावयाची, तर तिच्या मागचा इतिहास किती सांगावा, हा प्रश्न वरवर पाहतां अध्यापनाच्या सोयीचा दिसतो. परंतु अनिता देसाई यांची १९८८ सालीं प्रसिद्ध झालेली ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी सोलापुरांतील वर्गापुढें ठेवावयाची म्हटली, कीं तो नीतीचा होऊन बसतो. बर्लिनचा एक ज्यू तरुण हिटलरच्या भयानें हिंदुस्थानांत येतो. येथें ब्रिटिश सरकार त्यास शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरवून छावणींत कोंडतें, आणि तेंही नाझींच्याच पंक्तीस. मागें राहिलेल्या आईचीं पोस्टकार्डें एके दिवशीं येईनाशीं होतात. तीं कां थांबलीं, हें वाचकास आधींच ठाऊक आहे असें लेखिका धरून चालते.

कलाकृतीनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें, असें आमचे कांहीं मित्र म्हणतात. राहावें खरें, पण ज्यास त्या पोस्टकार्डांचा अर्थ कळला नाहीं, त्याच्यापुढें ती उभीच राहत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांस तो अर्थ ठाऊक नसतो. ‘हिटलर’ हा शब्द मात्र त्यांच्या घरोघर वापरांत आहे. कडक हेडमास्तर हिटलर, दिवेलागणीस घरीं बोलावणारी आत्याबाईही हिटलर. आणि त्या शब्दांत धाकापेक्षां कौतुकच अधिक. सात रस्त्यावर मुलांच्या गप्पांत ‘देशाला असाच माणूस हवा’ हें वाक्य आम्हीं एकदां नव्हे, अनेकदां ऐकलें आहे. अशांस, त्या माणसाच्या राज्यांत सुमारे साठ लक्ष ज्यू मारले गेले, एवढें सांगितलें तर वर्ग क्षणभर गप्प होतो, शिकत नाहीं. आंकडा मोठा झाला कीं मन त्यास नमस्कार करून पुढें जातें.

शिकविण्यासारखा आहे तो क्रम. १९३३ मध्यें ज्यूंच्या सरकारी नोकऱ्या गेल्या, १९३५ मध्यें नागरिकत्व गेलें, १९३८ च्या नोव्हेंबरांत प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं. १९४१ मध्यें सामुदायिक हत्या सुरू झाल्या; १९४२ च्या जानेवारींत बर्लिनच्या वान्से या उपनगरांत वरिष्ठ अधिकारी एका बैठकींत साऱ्या युरोपांतील ज्यूंच्या संहाराची व्यवस्था लावून उठले. प्रत्येक पायरीवर याद्या करणारे कारकून होते, आगगाड्यांचीं वेळापत्रकें जुळविणारे अधिकारी होते. ज्या शिस्तीचें आमच्या मुलांस एवढें अप्रूप, तीच येथें कामास आली. वि. ग. कानिटकर यांचें ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ मराठींत असतां हें मुलांस प्रथम इंग्रजी तासालाच कळावें, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें.

पण खरी अडचण पुढेंच आहे. ‘सर, आमच्या आजोबांच्या सेटलमेंटलाही तारा होत्या,’ असें एक विद्यार्थी म्हणाला. १८७१ सालीं निघालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यासही लागू झाला. कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींचीं माणसें जन्मतःच संशयित ठरलीं. सोलापुरांत त्यांस तारेच्या कुंपणांत ठेवलें, रोज हजेरी लावली, गिरण्यांत कामास धाडलें. हा कायदा देशभरांतून पुरता गेला तो १९५२ सालीं.

त्या मुलास काय सांगावें? ‘दोन्ही एकच’ म्हणणें सोपें आहे. त्यांत दोन्हींकडच्या माणसांचें दुःख सारखेंच स्वस्त होतें. ‘तें वेगळें, हें वेगळें’ म्हणून पान उलटणें त्याहून सोपें. आणि ज्यांच्या घरचें कोणी तारेआड नव्हतें, अशा आमच्यासारख्यांनीं तरी ती घाई करूं नये. साम्य आहे तें कायद्याच्या मुळाशीं: अपराध कृत्यावरून नव्हे, जन्मावरून ठरविला. भेद आहे तो हेतूचा. येथें सरकारास माणसें ताब्यांत व कामास हवीं होतीं; तेथें तीं नाहींशीं व्हावयास हवीं होतीं. हा भेद मुलाचें समाधान करण्यासाठीं सांगावयाचा नाहीं. आपल्या आजोबांवर नेमका कोणता अन्याय झाला, हें त्यास दुसऱ्याच्या अन्यायाची उपमा न घेतां सांगतां यावें, एवढ्यासाठीं सांगावयाचा.

म्हणून आतां आम्ही इतिहास आरंभीं सांगत नाहीं. पोस्टकार्डें येईनाशीं होतात तेथें पुस्तक मिटून ठेवतों, क्रम सांगतों, मग पुढें वाचतों. त्या विद्यार्थ्यास आजीकडून ऐकून लिहून आणावयास सांगितलें होतें. त्यानें आणलेल्या दोन पानांत हजेरीची वेळ आहे, गिरणीची पाळी आहे, बाहेर जाण्याच्या पासाची हकीगत आहे. ‘हिटलर’ हा शब्द कोठेंही नाहीं.