टेबल हलव आधी

नवीन प्लगइन घेतलंस म्हणे. कशाला? बेस नीट येत नाही म्हणून. त्याआधी स्पीकर बदललेस, तेही त्याच कारणासाठी. आता सबवूफरची चौकशी चालू आहे. कोलार रोडच्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत? पैसे उतू चाललेत का रे?

‘खोलीच लहान आहे, सर.’ हे तुझं पालुपद. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुला म्हणायचीही सोय नाही. तुझं अंगण खरंच वाकडं आहे, म्हणून तर तुला आयतं निमित्त मिळालंय. भिंती सरकत नाहीत, मान्य. टेबल सरकतं ना? ते काय भिंतीत चिणलंय? खिडकीची हवा लागावी म्हणून दहा फुटांच्या बरोब्बर मध्यावर ठाण मांडून बसलायस. इंजिनिअर ना तू? मग कर हिशेब. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. त्याच्या दुपटीने भाग. किती आले? 56 हर्ट्झ. हा सूर भिंतींपाशी फुगतो आणि मध्यावर मरतो. नेमकी तिथेच तुझी खुर्ची. वर छतही दहा फुटांवर, म्हणजे पुन्हा तेच 56, आणि बसल्यावर तुझे कान चार फुटांवर, तिथूनही मध्य फार लांब नाही. दोन्हीकडून बेस गायब, आणि तू पखवाजाची कणीक लावलेली बाजू सहा डेसिबलने चढवतोस! सहा डेसिबल म्हणजे चौपट शक्ती. भिंतीवरून परतणारी लाटही तेवढीच चढते. स्पीकर धापा टाकतो, खड्डा खड्डाच राहतो. मग तेच गाणं कुणाच्या गाडीत लागलं की काचा थरथरतात, आणि तू म्हणतोस, गाडीची सिस्टिम भिकार.

राहतोस कुठे, याची तरी लाज बाळग. याच भोपाळच्या ध्रुपद केंद्रात झिया फरीदुद्दीन डागर शिष्यांकडून खर्ज घोटून घ्यायचे. उदय भवाळकर तिथलेच शिष्य. आणि तू परवा ध्रुपद ध्वनिमुद्रित करताना काय केलंस? गायकाला बाजूच्या भिंतीला टेकवून बसवलंस, माइकही तिथेच. काळी एकचा गायक, त्याचा मंद्र षड्ज 69 हर्ट्झच्या आसपास. तुझ्या खोलीची आठ फुटी रुंदी 70 ला घुमते. षड्ज लागला की खोली गरजली, गंधारावर गेला की आवाज किरटा. तुला वाटलं, गळ्यात काय दम आहे! तो दम विटांचा होता. श्रुतीचा फरक ओळखणारा कान तुझा, आणि हे ऐकू आलं नाही? आलं होतं. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस.

भिंतीवर एक इंची फोम आणि अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, ते फोटोत छान दिसतात. 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. एक इंच तिच्या खिजगणतीतही नाही. तुझ्या ट्रेंनी झांजेची चमक तेवढी मारली, आणि खोली आणखी बोदी झाली. कोपरे भर. जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूल, जितकं जाड जमेल तितकं. वरून लावायला बैरागढच्या बाजारातून असं कापड आण, की तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा आरपार जाईल. प्लास्टिकचं चकचकीत कापड नको. आणि काम करताना मास्क लाव, हातमोजे घाल. हे सगळं तुला ठाऊक आहे, मीच शिकवलंय.

मग केलं का नाहीस? ‘हो जाएगा, सर.’ कधी? रात्री दुकानांपुढच्या पटियांवर बसून गप्पा छाटायला वेळ आहे. तासभर मोजमाप करायला नाही?

खरं सांगू? तू मोजत नाहीस, कारण मोजलं तर कळेल. खोलीचा आलेख काढणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजणीचा माइक सबवूफरच्या किमतीपुढे किरकोळ. पण तो आलेख एकदा पडद्यावर आला, की स्पीकरला दोष देता येणार नाही, गाडीला नाही, श्रोत्याच्या कानालाही नाही. तुला ही भीती आहे. प्लगइन विकत घेतलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि खुर्ची जागची हलत नाही. किती सोयीचं!

आणि हो, शेजारी झोपलेत म्हणून मध्यरात्री हळू आवाजात मिक्स करणं बंद. आवाज लहान केला की कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन 1933 मध्येच सांगून गेले. तुला अजून नवीन आहे का? दुपारी बस. शेजारी कामावर असतात.

समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर कान आण. ही सुरुवात, शेवट नव्हे. मग 56 चा सूर लावून वीतभर पुढे, वीतभर मागे सरकून ऐक. रविवारी दुपारी येतोय मी. आलेख आधीचा आणि नंतरचा, दोन्ही हवेत. सबवूफरचं नाव त्यानंतर काढायचं.