दायभाग



पाठशाळेत असताना मिताक्षरेचा दायविभाग आम्ही घोकला. विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका चालुक्यांच्या राज्यात, कल्याणास लिहिली. आपले स्टेशनाचे कल्याण नव्हे हो, बिदरकडचे बसवकल्याण! धन्याशी असलेल्या केवळ नात्यामुळे त्याचे धन आपले होते, ते दाय. मुलगा जन्मला की वडिलोपार्जित धनात त्याचा हक्क जन्मला. कमावण्याची अट नाही, लायकीचीही नाही.

बरे, बापाचे कर्ज? तेही पोराने फेडावे, असे शास्त्र म्हणते. परंतु स्मृतिकारांनी एक खिडकी उघडी ठेवली आहे. बापाने दारूपायी, जुगारापायी केलेले ऋण पुत्राने देऊ नये. म्हणजे बापाकडून आलेले सगळेच डोक्यावर घ्यायचे नाही, काही उंबऱ्याबाहेरच उतरवायचे, ही सोय जुनीच आहे.

आता स्वभावाचे काय करावे? माझा आवाज वडिलांचा आहे. वरच्या पट्टीत अभंग धरला की म्हातारी माणसे म्हणतात, अण्णाच उभे आहेत. आणि माझा संतापही अण्णांचाच. त्याची वाटणी कुठल्या कचेरीत करून मिळत नाही.

आमचे घर बदलापूरकडचे. पलीकडे उल्हासनगर, म्हणजे जुना लष्करी कल्याण कँप. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधले निर्वासित तिथल्या बराकींत उतरले, १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर नाव मिळाले. त्यांच्या बापजाद्यांची घरेदारे सिंधेत राहिली. दाय म्हणून हाती लागली ती भाषा, झुलेलालाची भक्ती आणि व्यापाराची हातोटी. तेवढ्यावर त्यांनी बाजार उभे केले. आमच्याकडे उलटे झाले. भाताची खाचरे जागच्या जागी होती, लोकलने माणसे आली, इमारती आल्या, आणि ज्या बांधावर बकरी बांधायची पंचाईत, त्या बांधावरून भाऊबंद कोर्टात गेले.

अण्णा २००७ साली वारले. आई आधीच गेलेली. मागे मी आणि धाकटी बहीण. मुलींना जन्माने समान हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. अविवाहित, विवाहित हा भेदही गेला होता. हे मला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? दायविभाग घोकलेला माणूस मी! तरी तिला म्हणालो, "हक्कसोडपत्रावर सही कर, माहेर तुटायला नको." ती काहीतरी विचारू लागली, तर अण्णांच्याच आवाजात तिच्यावर ओरडलो. तिने सही केली. मी साडीचोळी केली. फेरफार झाला, सातबाऱ्यावर माझे एकट्याचे नाव लागले. पुढे शेत विकले.

काही वर्षांनी अंबरनाथला बीजेचे कीर्तन होते. बहीण तिथेच दिलेली. बायकांत पुढे बसली होती. मी तुकोबारायांचे चरित्र लावले. विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी, तशी सावकारी आणि महाजनकीही. दुष्काळात दुकान बसले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. उरली वडिलांच्या वेळची कर्जखते. वारी महाराजांनी ठेवली, खते इंद्रायणीत सोडली. इथे टाळ्या पडतात, नेहमीच पडतात. पण सगळी नव्हे हो सोडली! आधी दोन वाटे केले. निम्मी खते धाकट्या कान्होबाच्या हाती दिली, कारण त्याला प्रपंच करायचा होता. बुडवला तो आपला वाटा. भावाच्या वाट्याला वैराग्याचाही हात लावला नाही.

हे बोलताना माझे लक्ष बहिणीकडे गेले. ती टाळी वाजवीत होती. सज्जनहो, पुढचा अभंग मला आठवेना. मृदंगवाल्याने वेळ सावरली. मी दुसऱ्याचाच वाटा बुडवून दुसऱ्याच्याच वैराग्याची कथा सांगत होतो, आणि बिदागीही घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी पासबुक काढले. शेताच्या रकमेतून मुलाच्या घराला गेले होते, ते धरून हिशेब केला. सून दोन दिवस बोलली नाही. तिचेही बरोबर, तिला कोणी विचारले होते? मुलाने थोडे घातले, बाकीसाठी मी वर्षभर थांबलो. मग चेक घेऊन अंबरनाथला गेलो.

वाटले होते, ती नको म्हणेल. मनातून तीच आशा होती, खोटे कशाला सांगू. तिने चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला, आणि चेक देवघरात ठेवला.

"अण्णांचा राग तेवढा तुझ्याकडेच राहू दे, दादा," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.