विसाव्याची वाटणी

वैशाख सरत येतो, मृग नक्षत्र जवळ येते, आणि कोकणातील घरे शनिवार-रविवारपुरती का होईना, माणसांनी भरतात. मुंबईहून चाकरमानी येतात. ओटीवर गप्पा रंगतात, फणस फोडला जातो, अंगणात आंबापोळ्या वाळत असतात. येथे वेळ थांबला आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो कोणासाठी थांबला, हा प्रश्न नैतिक आहे.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या कामगारांत रत्नागिरीकडील माणसे मोठ्या संख्येने होती. विश्रांती हा श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या लढ्याने रुजविले. गिरणीच्या दारापर्यंत पोचलेले ते तत्त्व स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर मात्र अडले. चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी पंधरा पाने वाढणाऱ्या सुनेचा रविवार कोणता?

ती हे आनंदाने करते, असे उत्तर दिले जाते. आणि ते बहुधा खोटेही नसते. तथापि प्रेम हे श्रमाचे कारण होऊ शकते, त्याची भरपाई होऊ शकत नाही. किंबहुना जेथे प्रेम आहे, तेथे कामाची वाटणी कोणी न मागताच व्हावयास हवी. पहाटे चूल पेटविणारे हात आळीपाळीने बदलले आणि वाढणारी पहिल्या पंगतीस बसली, तर ओटीवरील गप्पांना काही उणेपणा येणार नाही. उलट, त्या गप्पांत तिचाही आवाज मिसळेल.