बंद ओठांची काळजी



काही महिन्यांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक मावशी स्कूटरवरून पडल्या, डोक्याला जबर मार लागला. रुग्णाभ्यंगासाठी आम्ही अतिदक्षता विभागात गेलो. घशात श्वासाची नळी, डोक्यात दाब मोजणारी बारीक तार. तेवढ्यात सिस्टर (म्हणजे नर्स, मठातल्या नव्हेत) त्यांचे दात घासायला आल्या. ब्रश तोंडात जाताच पडद्यावरचा आकडा चढला. थोरला मुलगा पुढे झाला. "राहू द्या सिस्टर, आईला त्रास होतोय. शुद्धीवर आली की घासेल तिची ती." सिस्टर थांबल्या, आकडा उतरला. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो.

घरी येईपर्यंत एकच प्रश्न मनात घोळत होता. जो 'नको' म्हणू शकत नाही आणि 'हवे' असेही म्हणू शकत नाही, त्याला हात न लावणे हीच दया का?

मुलाची भीती खोटी नव्हती. कवटी ही बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. एकाने जास्त जागा घेतली की दाब वाढतो. निरोगी माणसात तो साधारण 7 ते 15 मिलिमीटर पारा असतो. डोक्याला मार लागलेल्यांत तो 22 च्या वर राहिला तर उतरवण्याचे उपचार करावेत, असे 2016 च्या अमेरिकन सूचना सांगतात. ठसका लागला, मान एका बाजूला वळली, तरी तो चढतो. मात्र अशा रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत दिसले, की दाब आधीच चढलेला नसेल तर दात घासताना होणारी वाढ थोडी आणि थोड्या वेळापुरतीच असते.

न घासण्याचा धोका मात्र कुठल्या पडद्यावर दिसत नाही. दातांवरच्या थरात जंतू वाढतात, लाळेबरोबर नळीच्या कडेने फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. 2023 च्या अखेरीस 15 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक चाचण्या अतिदक्षता विभागातल्या, नाना आजारांच्या रुग्णांवर झाल्या होत्या. ज्यांचे दात रोज ब्रशने घासले, त्यांच्यात रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. उलट क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वर्षानुवर्षे भरवशाने तोंडात लावले जाई. 2014 मध्ये त्याविषयी शंका उठली आणि 2022 च्या अमेरिकन सूचनांनी ब्रश ठेवला, ते औषध मात्र नको म्हटले. नुसता चांगला हेतू पुरत नाही, तो तपासून घ्यावा लागतो.

संत थॉमस अक्विनास यांनी न केलेल्या कृतीचाही विचार केला आहे. राहून गेलेली प्रत्येक गोष्ट पाप नव्हे. जे देणे लागत होतो ते राहिले तर मात्र दोष आहे. मग बेशुद्ध मावशींना स्वच्छ तोंड देणे आपण लागतो का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 20 मार्च 2004 च्या भाषणात, दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्यांच्या मूलभूत हक्कांत अन्नपाण्याबरोबर स्वच्छता मोजली, आणि अंथरुणाला खिळल्याने होणारे दुखणे टाळणेही मोजले.

इथे आमचीही एक चूक सांगायला हवी. पूर्वी एका बेशुद्ध आजोबांच्या तोंडात आम्ही लूर्दच्या पाण्याचे दोन थेंब सोडणार होतो. घरच्यांचा आग्रह होता. सिस्टरने हात धरला. गिळता येत नसेल तर तेच पाणी श्वासनलिकेत जाते. तेव्हापासून आम्ही ते कपाळाला लावतो. आपणही नातलगांच्या तोंडात परस्पर काही घालू नये, पवित्र पाणीसुद्धा.

पुढच्या भेटीत आम्ही सिस्टरांनाच विचारले. त्यांनी दाखवले. खाटेची डोक्याकडची बाजू 30 अंश उचललेली, मान सरळ, लाळ ओढणारी नळी हाताशी, लहान मऊ ब्रश. आकडा चढला की थांबायचे, उतरला की पुन्हा सुरू करायचे. आधीच चढलेला असेल तर डॉक्टरांना विचारून पुढे ढकलायचे. मुलगा बाजूला उभा राहून बघत होता. पुढे तोच रोज विचारू लागला, "सिस्टर, आज आईचे दात घासले?"

मावशी आता घरी आहेत. उजवा हात अजून उचलत नाही. सकाळी दात मुलगाच घासून देतो.