हौसेचं दुखणं

पोटावरची सैल त्वचा कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर ॲब्डोमिनोप्लास्टी म्हणतात, बाकीचे टमी टक म्हणतात. मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. गेल्या वर्षी बंगळुरात मी ती करून घेतली, तेव्हा शब्द नसल्याचा मला फायदाच झाला. आईला मिरजेला फोन करून मी सांगितलं, ‘हर्नियाचं ऑपरेशन आहे.’

हर्निया सोयीचा होता, कारण तो खऱ्याच्या जवळून जात होता. दोन बाळंतपणांनंतर, त्यातलं दुसरं जुळ्यांचं, माझ्या पोटाचे मधले उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकले ते परत जुळले नाहीत. पाठ दुखायची, हेही खरं. पण पाठीसाठी मी टेबलावर जाऊन झोपले असं म्हटलं, तर ते खरं नाही. मला ते लोंबणारं पोट नको होतं. जुळी बारा वर्षांची झाली तरी मेट्रोत कॉलेजच्या मुली उठून मला जागा द्यायच्या, आणि मी आभार मानून बसायचे, कारण ‘मी गरोदर नाही’ असं त्यांना सांगणं उभं राहण्यापेक्षा अवघड होतं.

अशा शस्त्रक्रियेला विमा पैसे देत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतर शरीर पुन्हा घडवायचं असेल तर तो नियमात बसतो. नुसत्या रूपासाठी नाही. हा भेद जुना आहे. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेकडच्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या सैनिकांनी पकडलं आणि त्याचं नाक कापलं. ते इथल्या वैद्याने कपाळाची त्वचा वळवून पुन्हा बसवलं. युरोपात त्याचं कौतुक झालं. नाक तोडलेल्याला नाक हवं, यात कुणाला हौस दिसत नाही. माझं पोट मात्र कुणी तोडलं नव्हतं. दोन आनंदाच्या प्रसंगांनी ते तसं झालं होतं, आणि आनंदाने झालेलं नुकसान भरून मागायचं नसतं, असं आपल्याकडे बाईला कुणी न सांगताच कळतं.

नंतरचे दिवस कसे जातात हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. तरी सांगणं वेगळं आणि भोगणं वेगळं. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत चीर असते. वरची त्वचा बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढलेली असते, आतले स्नायू शिवून जवळ आणलेले असतात, आणि बेंबीसाठी नव्या जागी भोक पाडलेलं असतं. त्यामुळे सरळ उभं राहताच येत नाही. आठ-दहा दिवस मी वाकून चालले, घरात काहीतरी हरवलंय आणि ते शोधतेय अशी. झोपायचं ते पाठीमागे उशा रचून, गुडघ्यांखाली लोड घेऊन. कूस नाही. शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरायची. हसू आलं तरी तेच. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दर दोन तासांनी उठून चालायचं, आणि उठताना तर जीव जायचा. पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या, त्यांच्या टोकांना रबरी फुगे. त्यात जमलेलं लालसर पाणी मोजून लिहून ठेवायचं. चोवीस तासांत तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी निघते. घट्ट पट्टा सहा आठवडे, वजन उचलणं सहा आठवडे बंद. संध्याकाळी पोट इतकं सुजायचं की एवढं करून मिळवलं काय, असं वाटायचं.

दुखण्यासाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. पहिल्या रात्री ठणका होता, मग आग, मग खोकल्याबरोबर कळ, मग टाक्यांची ओढ, आणि बेंबीखाली हाताएवढ्या जागेत बधिरपण, जे अजून आहे. एवढे शब्द हाताशी असूनही मी एकही तोंडातून काढत नव्हते. कण्हायचा हक्क मला आहे का, हेच कळत नव्हतं. स्वतः पैसे मोजून विकत घेतलेलं दुखणं. हौसेला मोल नसतं म्हणतात. मग तिच्या दुखण्याला तरी मोल असावं का?

ॲरिस्टॉटल या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. ‘निकोमॅखियन एथिक्स’च्या तिसऱ्या भागात तो म्हणतो की जन्मांध माणसाची आपल्याला दया येते, दारूच्या अतिरेकाने जो आंधळा झाला त्याला आपण दोष देतो. ‘रेटरिक’मध्ये तर करुणेच्या व्याख्येतच ही अट आहे: जे वाट्याला यायला नको होतं ते आलं, तर करुणा. आपली रोजची भाषा याहून फार वेगळी नाही. ‘तुझं तूच ओढवून घेतलंस’ म्हटलं की विचारपूस संपते.

पण बिछान्यात पडून हे तपासलं तर ते टिकत नाही. डॉक्टरांच्या भाषेत मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही ऐच्छिकच असते, कारण त्यांच्या लेखी ऐच्छिक म्हणजे एवढंच की तारीख आपण ठरवू शकतो. गुडघा बदलणारा, तिसऱ्या मुलाची इच्छा धरणारी, डोंगर चढताना पाय मोडून घेणारा, सगळ्यांनीच काही ना काही निवडलेलं असतं. मज्झिम निकायातल्या दृष्टान्तातला माणूस बाण लागल्यावर विचारत बसतो, कुणी मारला, कुठल्या धनुष्यातून मारला. तोवर विष चढतं. जखमी माणसाने जे विचारू नये म्हटलंय, तेच आपण शेजारी उभे राहून विचारत असतो. रात्रपाळीच्या नर्सने मला विचारलं नाही. तिने उशी सरकवली आणि म्हणाली, ‘स्लोली, अक्का.’ त्या क्षणी माझा प्रश्न सुटला असं मला वाटलं. दुखतंय म्हणजे दुखतंय. काळजीसाठी आणखी पुरावा लागत नाही.

हे उत्तर मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. पण त्याने माझी सुटका झाली नाही, कारण चौथ्या दिवशी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आई आली.

आई एकाहत्तरची. नवऱ्याला खरं माहीत होतं आणि हर्निया त्यालाही मान्य होता. आईने आल्या आल्या वही मागितली आणि नळ्यांचं माप लिहायला घेतलं: तारीख, वेळ, डावी, उजवी. मुगाची खिचडी, रात्री इसबगोल, कारण वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर द्यायला बंदी. मला धरून ती बाथरूमपर्यंत न्यायची, आणि तिचे गुडघे वाजलेले मला ऐकू यायचे. पाचव्या दिवशी पट्टा बदलताना तिने चीर पाहिली. माझ्या मामाचं हर्नियाचं ऑपरेशन तिने पाहिलेलं होतं. काही बोलली नाही. वहीत माप लिहिलं.

नवव्या दिवशी नळ्या निघाल्या. त्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, ‘आता सांग.’

मी सांगितलं. ती रागावेल, निदान ‘या वयात कशाला’ म्हणेल, असं वाटलं होतं. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती: शरीर माझं, पैसे माझे. तिने ती उत्तरं मागितलीच नाहीत. म्हणाली, ‘केलंस ते केलंस, त्याचं मला काही नाही. पण मी माईला सोडून आले.’

माई म्हणजे माझी मावशी. तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आई तिच्याकडे राहत होती. लेकीचं ऑपरेशन म्हणून रोजाने बाई लावून ती निघून आली. त्या बाईने दोन दिवस दांडी मारली.

‘मला माहीत असतं तरी आले असते मी,’ आई म्हणाली. ‘आठ दिवसांनी आले असते. तुझी तारीख तुझ्या हातात होती ना?’

इतके दिवस मी चुकीचा प्रश्न सोडवत होते. माझं दुखणं काळजीला पात्र आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. आईने तो एका वाक्यात बाजूला सारला. प्रश्न होता तिच्या श्रमांचा. माझं दुखणं मी निवडलं, तारखेसकट निवडलं. तिला तिचे श्रम निवडू दिले नाहीत. माई आणि मी यांत आधी कोण, हे तोलायचा अधिकार तिचा होता, आणि हर्निया म्हणून मी तराजूत खोटं वजन टाकलं. करुणेला कारण लागत नाही, हे खरं. पण करुणा करणाऱ्याला स्वतःचं शरीर असतं, दुसरी माणसं असतात, मोजका वेळ असतो. त्याला कारण कळायला हवं, ते माझी पात्रता तपासायला नव्हे, त्याचा निर्णय त्याला घेता यावा म्हणून.

तेव्हापासून मी घरातलं बाकीचं वजनही मोजू लागले. सहा आठवडे मी पाण्याची बादली उचलली नाही, पण बादल्या उचलल्या गेल्याच. कामाला येणाऱ्या बाईंना मी जास्तीचे पैसे दिले होते. त्यांनी विचारलं, ‘हर्निया?’ मी खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांचं सिझेरियन झालं तेव्हा पंचविसाव्या दिवशी त्या कामावर होत्या. त्यात टोमणा नव्हता. मग पैसे थोडे वाढवून मागितले. मी दिले. आईच्या बाबतीत जे राहून गेलं होतं ते इथे एका मिनिटात झालं: खरं सांगितलं, समोरच्याने हिशेब केला, आणि हो म्हटलं.

आई तिसऱ्या आठवड्यात मिरजेला परतली. मी तोवर जवळजवळ सरळ उभी राहत होते. फोनवर ती नातेवाइकांना काय सांगते, ते मी एकदा ऐकलं. ‘हर्निया होता,’ म्हणत होती. मी केलेलं खोटं आता तीच वाहत होती, आणि मी ते तिच्याकडेच राहू दिलं, जवळजवळ वर्षभर.

हा लेख पाठवायच्या आधी मी तिला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘दे छापायला. पण चार दिवस थांब. माईला मी आधी सांगते.’

मी थांबले.