चालत्या गाडीची दुरुस्ती

जुनें मोडल्यावांचून नवें घडत नाहीं, असें आपण सहज बोलून जातों. सुधारक हें वाक्य अभिमानानें उच्चारतो, सनातनी भीतीनें. पण तें खरें आहे याविषयीं दोघांचेंही एकमत असतें. या एकमताबद्दल मला प्रथम शंका आली ती अगदीं अनपेक्षित ठिकाणाहून. माझा एक जुना विद्यार्थी संगणकांची देखभाल करण्याच्या व्यवसायांत आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो सुटीवर चंद्रपुरास आला असतां मीं त्यास विचारलें, "तुमचीं हीं यंत्रें रात्रंदिवस चालतात, मग त्यांची दुरुस्ती तुम्ही करतां तरी केव्हां?" तो हंसून म्हणाला, "सर, चालू असतांनाच."

त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें नांदावींत, तसे आजकाल एका मोठ्या संगणकांत अनेक आभासी संगणक नांदतात. प्रत्येकाचा कारभार असा चालतो, कीं जणूं सारा वाडा त्याचाच. या सर्वांना जागा वांटून देणारें जें खालचें सॉफ्टवेअर, त्यास हायपरव्हायजर म्हणतात. त्यांत उणीव आढळली म्हणजे तें बदलावें लागतें. पण वर कोणाचे पैसे मोजले जात असतात, कोणा रुग्णाचे कागद वाचले जात असतात. म्हणून नवें सॉफ्टवेअर घातलेल्या दुसऱ्या यंत्रांत बिऱ्हाड हलवितात. काम चालू असतांनाच त्याची स्मृति पानापानानें तिकडे उतरविली जाते. तेवढ्यांत इकडे कांहीं पानें बदलतात. तीं पुन्हां उतरवितात. शेवटीं अगदीं थोडीं उरलीं, कीं क्षणमात्र सर्व थांबवून तीं नेतात, आणि तिकडे कारभार पुढें सुरू होतो. केंब्रिजच्या संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं या रीतीवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या एका प्रयोगांत हा विराम ६० मिलिसेकंदांवर आला होता. पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो.

"मग तो क्षण तरी कशाला?" मीं विचारलें.

"तो टाळला तर दोघे एकदम जिवंत होतील, सर, आणि दोघेही एकाच खात्यांतून पैसे देऊं लागतील."

हें ऐकून मला थीसियसचें जहाज आठवलें. अथेन्सकरांनीं त्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसविल्या, तेव्हां तें तेंच जहाज राहिलें काय, असा वाद प्लूटार्कनें नोंदविला आहे. सतराव्या शतकांत हॉब्जनें पेंच वाढविला: जुन्या फळ्या जपून कोणी दुसरें जहाज उभारलें, तर खरें कोणतें? वर्गांत हा प्रश्न मीं पुष्कळ वर्षें मांडला व दर वर्षीं अनुत्तरित सोडला. माझ्या विद्यार्थ्याच्या व्यवसायानें त्यास एक उत्तर दिलें आहे. ज्याच्या हातीं चालतें काम सोंपविलें, तें खरें. एकत्व द्रव्यांत नाहीं. घेतलेल्या जबाबदारीच्या अखंडपणांत आहे. मात्र ती एका हातांतून दुसऱ्या हातीं जातांना थोडा विराम लागतोच.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत हें ज्ञान जुनेंच आहे. जाणता तोड्या बांबूचें बेट सरसकट कापीत नाहीं. जून काठ्या निवडून काढतो, कोंवळ्या राखतो, कंदास धक्का लावीत नाहीं. पावसाळ्यांत नवे कोंभ, ज्यांस इकडे वास्ते म्हणतात, ते वर येतात. काठ्या बदलतात, बेट तेंच राहतें. परंतु अनेक दशकांनीं एकदां हेंच बेट फुलावर येतें, बीं टाकतें आणि समूळ वाळून जातें. निसर्गाससुद्धां सगळेंच नूतनीकरण न थांबतां साधत नाहीं. म्हणून थांबणें हें पाप आहे, असें मी म्हणणार नाहीं. विराम किती, आणि तो कोणाच्या वांट्यास, एवढाच नीतीचा प्रश्न उरतो.

नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी १९०८ सालीं सुरू झाली. रुंदीकरणासाठीं ती २०१९ च्या नोव्हेंबरांत थांबली आणि काम वर्षानुवर्षें चाललें. रुळांमधील अंतर बदलावयाचें तर गाडी थांबणारच, हें मला मान्य आहे. रुंद मार्ग हिताचा, हेंही मान्य. पण ज्या भिवापूर-उमरेडकडील गरीब उतारूचा प्रवास त्या स्वस्त तिकिटावर चालत असे, त्याच्या आयुष्यांतील वर्षांचा हिशेब कोणत्या खातेवहींत मांडावा? यंत्रासाठीं आपण मिलिसेकंद मोजतों. माणसासाठीं वर्षेंही मोजीत नाहीं.

याच्या उलट एक दुसरा धोका आहे. आभासी संगणकास आपल्या खालचा पाया बदलल्याचा पत्ताही लागत नाहीं. यंत्राची त्यास तक्रार नाहीं. पण माणसाच्या पायाखालील जमीन त्यास न कळूं देतां, कितीही अलगद, बदलणें हा अन्यायच होय. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना हातीं येण्यास २०११ साल उजाडलें. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वांच्या संमतीनें होतो. एकाचें मन वळेपर्यंत सारे थांबतात. शहरी मनुष्यास हा कालापव्यय वाटेल. मला वाटतें, विराम घेण्याची योग्य जागा हीच. जेथें तो आधीं, चर्चेंत, सर्वांनीं मिळून घेतला जात नाहीं, तेथें तो मागाहून दुबळ्यांच्या माथीं बसतो.

निरोप घेतांना मीं विद्यार्थ्यास विचारलें, "बिऱ्हाड हलवितांना तुम्ही कोणास सांगतां काय? कळणार तर कोणालाच नाहीं."

"सांगतों, सर. आठ दिवस आधीं पत्र जातें."

"एका निमिषासाठीं?"

"बिऱ्हाड त्यांचें आहे, सर," तो म्हणाला.